चाळीस मीटरवरचा माग

अण्णा, तुम्ही गेल्याचं बसूनं फोनवर सांगितलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होते. दहावीचा वर्ग सुटत होता, पोरं अंगावरून धावत होती, आणि बसू एकच वाक्य दोनदा म्हणाला. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, त्या रविवारचं बोलणं आता राहिलंच. रडू नंतर आलं, संध्याकाळी, भाजी चिरताना.

सव्वा महिना झाला. हे तुम्हालाच लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर माणसं माझ्या तोंडाकडं बघतील. निपाणीत अर्धं गाव मला विज्ञानाच्या बाई म्हणून ओळखतं.

पाच वर्षांपूर्वी मी आठवीची मुलं घेऊन तवंदी घाटाच्या वरच्या माळावर आले होते. तिथं दर रविवारी रिमोटवरची विमानं उडवणारे लोक जमतात एवढंच ऐकलं होतं. बेळगावच्या बाजूला विमानतळ, तिकडं उडवता येत नाही, म्हणून तुम्ही वडगावहून विमान फोममध्ये गुंडाळून, दुचाकीला आडवं बांधून सकाळी सकाळी इथवर यायचा. मला वाटलं होतं कॉलेजची पोरं असतील. पुढं आलात तुम्ही. साठीकडं झुकलेले, पांढरा लेंगा, बिनबाह्यांचा स्वेटर, कानाला मफलर. मुलांना सगळं दाखवून झाल्यावर रिमोट माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "बाई, मुठीत धरू नका. सूत धरत्यात तसं, बोटांनी धरा."

मी सूत कधी धरलं नव्हतं. पण तुमचं ग्लायडर माझ्या बोटांवर अर्धा मिनिट तरंगलं आणि पुढच्या रविवारी मी मुलांशिवाय आले.

तुम्हाला सोडून आम्ही नऊजण होतो. संकेश्वरात टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणारा बसू, निपाणीचे दोघं, बाकीचे बेळगावचे. आल्यावर सतरंजी पसरायची, वारा बघायचा, कुणाचा तरी पंख चिकटवायचा, मग एकेकानं उडवायचं. तुमचं ग्लायडर लांबूनही ओळखू यायचं. आमच्या सगळ्यांच्या विमानांना प्लास्टिकचा चकचकीत कागद, तुमच्या पंखांना तुमच्याच घरच्या यंत्रमागावरचं रेशीम, पातळ लाकडी सांगाड्यावर ताणून लॅकर मारलेलं. सूर्याच्या आडून गेलं की आतली एकेक फासळी दिसायची.

एकदाच मी तुमच्या घरी आले होते, तेव्हा चार माग एका दमात चालू होते. मला शेजारचं बोललेलं ऐकू येईना. तुम्ही मागांकडं पाठ करून चहा पीत होता आणि मधेच कप खाली ठेवून पुतण्याला ओरडून सांगितलंत की तिसऱ्यावर धागा तुटलाय. तो बघायला गेला. तुटला होता.

हे मी तेव्हा नुसतं कौतुकानं बघितलं. त्यातून काही समजून घ्यायला हवं होतं ते समजलं नाही.

आवाजाचं तुम्हीच काढलंत. आपल्या रिमोटमध्ये विमानाची उंची बोलून सांगायची सोय असते. विमानात बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवायचा, तो उंची मोजतो, आणि रिमोट दर थोड्या वेळानं आकडा बोलतो. पण बोलते ती इंग्रजी बाई. तुम्ही बसूला म्हणालात की हिचं मला काही कळत नाही, हिच्या जागी दुसरं कुणी बसतं का बघ. बसू म्हणाला, तुम्हीच बसा अण्णा, मोबाईलवर बोलून पाठवा. मग तुम्ही आठवडाभर बोलत होता. मराठीत शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, त्यामुळं शून्यापासून एकेक आकडा वेगळा म्हणावा लागला. मागांच्या आवाजात रेकॉर्ड होईना, म्हणून वीज जायची वाट बघायची आणि गेली की धावत जाऊन दहा-बारा आकडे उरकायचे. चाळीस म्हणताना वीज परत आली. त्यामुळं तुमच्या चाळीसच्या मागं मागाचा पहिला खटका ऐकू येतो. बसूनं परत म्हणायला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, असू दे, तेवढंच घर वाटतंय. एकशेवीसच्या पुढं उडवायची आपल्याला परवानगी नाही, म्हणून तिथं तुम्ही आकडा ठेवलाच नाहीत. नुसतं "बास".

महिन्याभरात सगळ्यांनी तो आवाज मागून घेतला. नऊ रिमोट, नऊंमध्ये तुम्ही. एका रविवारी दोन विमानं एकदम वर होती, सतरंजीवर तिसरा रिमोट कुणी तपासत होतं, आणि तिन्हीकडून तुमचा आवाज वेगवेगळे आकडे बोलत होता. तुम्ही मात्र बाजूच्या दगडावर बसून गप्प चहा पीत होता, तोंड बंद. मला भर उन्हात शहारा आला. तुम्हाला ते सांगितलं तर तुम्ही हसलात. म्हणालात, मी नसलो तरी क्लब चालतोय म्हणायचा.

आता त्या रविवारचं.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. खालच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चालू झाले होते, आणि माळाच्या कडेला दोन बायका शेळ्या घेऊन बसल्या होत्या. तुम्ही ग्लायडर वर नेलंत. माझं लक्ष तुमच्याकडं गेलं ते सहज. तुम्ही मान वर करून उजवीकडं बघत होता, शांतपणे, हळूहळू मान फिरवत. मी तिकडं बघितलं. तिथं घार होती. ग्लायडर तुमच्या डाव्या खांद्यामागं होतं, बरंच खाली, त्या बायकांच्या बाजूला. तुमचे डोळे घारीबरोबर फिरत होते आणि बोटं ग्लायडर फिरवत होती.

क्लबात सुरक्षेचं काम तुम्हीच माझ्या गळ्यात घातलं होतंत, शिक्षिका आहे म्हणून. मी सगळ्यांसमोर, वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "अण्णा, तुम्ही घारीकडं बघताय. विमान तिकडं नाही." आणि तुमच्या हातातला रिमोट काढून घेतला. उडवणाऱ्याच्या हातातून रिमोट काढायचा नसतो हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

ग्लायडर माझ्या हातात तीन-चार सेकंद राहिलं. मी घाईत जास्त वळवलं आणि ते नाकावर येऊन दगडांत पडलं. बायकांपासून खूप लांब. तुम्ही चालत गेलात, फाटलेलं रेशीम गोळा केलंत, हातावर सरळ करून घडी घातलीत. मी मागं येऊन उभी राहिले. माझ्याकडं न बघता तुम्ही बोललात. "अजून वीस सेकंद थांबला असता तर उतरवलं असतं मी. मला दिसत नव्हतं, व्हय. पर कळत हुतं."

हेच आपलं भांडण, अण्णा, आणि ते तिथंच थांबलं. मी मनात तुमच्याशी ते किती वेळा पुढं नेलं असेल. न दिसणाऱ्या माणसानं माणसांच्या डोक्यावर विमान उडवू नये, हे मी आजही म्हणेन. पण तुमच्या हातात ते चांगलं चाललं होतं आणि डोळे धडधाकट असलेल्या माझ्या हातात पडलं, हेही खरंच. दोन्ही खरं असताना काय बोलायचं ते मला सुचेना, म्हणून मी तुमच्याकडं आलेच नाही. माझी बहीण शहापुरात राहते. त्या तीन महिन्यांत मी तिच्याकडं चारदा येऊन गेले. तिच्या दारातून तुमची गल्ली चालत दहा मिनिटांवर. चारही वेळा मी चहा घेऊन निपाणीची बस पकडली.

तुम्ही परत माळावर आला नाहीत. संक्रांतीनंतर एके सकाळी माग सुरू करायला गेलात आणि तिथंच बसलात. एवढंच बसूला कळलं होतं, तेवढंच मला.

तुम्ही गेल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही माळावर जमलो. कुणी भाषण केलं नाही. पहिल्यांदा बसूनं रिमोट चालू केला आणि तुम्ही म्हणालात, "तयार हाय." चालू केलं की येणारं वाक्य, दर रविवारी ऐकलेलं. पण त्या दिवशी सगळे जागच्या जागी थांबले. निपाणीच्या एकानं आपला रिमोट पिशवीतून काढलाच नाही. म्हणाला, मी ती इंग्रजी बाई परत बसवून घेतो, मला हे सोसायचं नाही. बसूनं बरं म्हणून मान हलवली. मग मला म्हणाला, बाई, तुम्ही उडवा, अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या तुम्हीच.

मी माझं ग्लायडर वर सोडलं. हवा स्वच्छ होती. तीस, पस्तीस, बावन्न, तुम्ही बोलत होता आणि मी ऐकत होते. पाचेक मिनिटांनी निपाणीच्या बाजूनं, खालच्या दरीतून धुकं वर यायला लागलं. नेहमी ते कडेला अडतं. त्या दिवशी कड ओलांडून माळावर आलं, इतकं झटकन की मी ग्लायडर वळवेपर्यंत ते पांढऱ्यात शिरलं होतं. मला काही दिसेना. आधी पंख गेला, मग शेपूट, मग नुसतं पांढरं.

माझे हात आखडले. मी मुठीत धरलं असावं. तुम्ही म्हणालात, अठ्ठेचाळीस. मग बऱ्याच वेळानं, सत्तेचाळीस. मला कळलं की ते घसरत नाही, हळूच उतरतंय. मी डावीकडं वळवलं. पंचेचाळीस. डोळ्यांचा उपयोग नव्हता म्हणून मी ते मिटले. शप्पथ सांगते अण्णा, मिटल्यावर मला ते दिसल्यासारखं झालं, कुठं आहे, कुठं तोंड आहे. तुम्ही बोलत होता तसतशी बोटं चालत होती. त्रेचाळीस. एक्केचाळीस. चाळीस.

चाळीस स्वच्छ आलं. मागं माग नव्हता.

ते मला त्या क्षणी जाणवलं, पण थांबायला वेळ नव्हता. वीस, बारा, सहा. धुक्यातून माझ्यासमोर पंधरा पावलांवर ग्लायडर गवतात सरपटत येऊन थांबलं. कुठं खरचटलंसुद्धा नाही. कुणी टाळी वाजवली नाही. बसू माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं ग्लायडर उचलून आणलं आणि मला दिलं.

घरी आल्यावर मला राहवेना. मी बसूला फोन लावला आणि विचारलं की त्यानं चाळीसचं रेकॉर्डिंग साफ केलंय का. तो म्हणाला, नाही, कशाला करीन. मग जरा थांबून म्हणाला की बाई, तुम्ही दुसरा सेन्सर कधी बसवला? मी म्हटलं, दुसरा कुठला, तोच आहे. तेव्हा तो म्हणाला, "तो माझ्या टेबलावर हाय बाई. पाणी शिरलं म्हणून तुम्हीच दिलता. तीन आठवडे झालं."

मला आठवलं. दिला होता. ग्लायडर टेबलावर घेऊन मी वरचं झाकण काढलं. सेन्सरची जागा रिकामी होती, दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा तेवढा, त्यावर धूळ बसलेली. सेन्सर नसताना रिमोटला उंची कळत नाही. कळत नाही म्हणजे तो आकडा बोलूच शकत नाही. मी बसूला विचारलं, तू ऐकलंस ना? तो हळू आवाजात म्हणाला की सगळं ऐकलं, एकेक आकडा.

दुसऱ्या दिवशी तो संकेश्वरहून गाडी घेऊन आला, सेन्सर कागदात गुंडाळून फाटकाच्या खांबावर ठेवला, आणि आत ये म्हटलं तर उशीर झालाय म्हणाला. सकाळचे नऊ वाजले होते.

मी रिमोटमधलं कार्ड काढून संगणकावर लावलं. तुमचं चाळीस शोधून वाजवलं. खटका होता. दहा वेळा वाजवलं, दहाही वेळा होता. मी भ्यायले नाही असं म्हणणार नाही. पण त्या भीतीत एक असं काही होतं की दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी वडगावची बस धरली. तीन महिने जे पाय वळत नव्हते ते आपोआप तुमच्या गल्लीत वळले.

दुपारची वेळ होती, जेवणासाठी माग बंद ठेवले होते. गल्लीत इतर घरांतले चालू होते. शांताआक्का मोकळ्या कपाळानं दारातच बसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "या बाई. लई वाट बघायला लावलासा." त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

त्यांनीच मग सगळं सांगितलं. तुम्हाला काचबिंदू होता. कडेचं दिसणं दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं, समोरचं तेवढं नळीतून बघितल्यासारखं राहिलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटल्यापासून पुतण्या तुम्हाला घाटाच्या पायथ्यापर्यंत सोडायचा आणि तिथून तुम्ही एकटे आल्यासारखे चालत वर यायचा. कुणाला सांगायचं नाही असं तुम्ही आक्कांना बजावलं होतं. क्लबवाले उडवू देणार नाहीत म्हणून. आवाज भरला तो इंग्रजी कळत नाही म्हणून नव्हे. वडगावच्या शाळेत तुम्ही दहावीपर्यंत शिकला होता, तुम्हाला इंग्रजी आकडे चांगले कळत होते. तुमचे डोळे तुम्ही आवाजात काढून ठेवत होता, आणि आम्ही ती गंमत समजून नऊ जणांनी वाटून घेतली.

मी विचारलं, त्या दिवशी घरी आल्यावर काय म्हणाले? आक्का म्हणाल्या, काही नाही म्हणाले. मोडकं विमान कॉटवर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत झोपले. उठल्यावर म्हणाले की बाईंना कळलं, आता लपवायचं संपलं. दोन वर्षांत तसे झोपले नव्हते. पुढं मात्र दर रविवारी विचारायचे, बाई आल्यात्या का? नाही म्हटलं की म्हणायचे, रागावल्यात. लोकांच्या डोक्यावर उडवत हुतो मी, रागावणारच.

अण्णा, तुम्ही मला रागावलेली समजत होता. मी तुम्हाला.

आक्कांनी तेव्हा विचारलं की यांचा आवाज तुमच्या त्या यंत्रात आहे म्हणतात ते खरं का, मला ऐकवा. मी पिशवीतून रिमोट काढून आमच्या दोघींच्या मधे, चटईवर ठेवला आणि चालू केला. "तयार हाय," तुम्ही म्हणालात. आक्कांनी डोळे मिटले. पुढं काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, विमान नसलं की पुढं काही म्हणत नाही. मग मी म्हटलं, हा इथंच ठेवून जाते, तुम्हाला असू दे. त्यांनी लगेच मान हलवली.

"नको बाई. घरात आवाज आला तर मी ताट मांडीन."

रिमोट तसाच चटईवर चालू राहिला. मी जे सांगायला आले होते ते मनात जुळवत होते. अखेर आक्कांकडं न बघता, त्या रिमोटकडं बघून मी म्हणाले की अण्णा, मी तुम्हाला थांबवलं ते बरोबर होतं, पण हातातून काढून घेतलं ते चुकलं. पोरांसमोर पोराला ओरडावं तशी मी तुम्हाला बोलले. मला यायला उशीर झाला. एवढंच बोलता आलं. आक्का पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. किती वेळ गेला कळलं नाही. बाहेर गल्लीतले माग चालू होते, तुमचे चार गप्प होते.

आणि मधे चटईवरून तुम्ही बोललात. मोठ्यानं नाही. दुसऱ्या खोलीतून विचारावं तसं.

"हाय का कोण तितं?"

मी रिमोटपासून मागं सरकले. मग मला उमगलं. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की चालू राहिलेला रिमोट आठवण करून देतो, त्यासाठीही एक वाक्य भरावं लागतं. माळावर रिमोट दहा मिनिटं कधी निवांत पडत नाही, म्हणून आम्हा नऊजणांत हे तुमचं वाक्य कुणी ऐकलंच नव्हतं. त्याला कारण होतं. ह्या एकाला तरी होतं. मी ते आक्कांना समजावून सांगणार होते, भिऊ नका म्हणणार होते.

पण त्या भ्यायल्या नव्हत्या. त्यांनी पदर खाली घेतला, डोक्यावरून नीट केला, आणि रोज देत असतील तशा आवाजात उत्तर दिलं.

"हाय वो. हितंच हाय."